पेड स्टेशनाचा दहावा नग

पेड स्टेशनाचा इतिहास कोणी लिहिला नाही. लिहायचा तर कंपनीच्या एका तरी सायबाला मूर्ख म्हणावं लागतं. म्हणू की! सायब मूर्ख होता.

गोवा मुक्त होऊन तीनेक वर्षं झाली होती. सर्वण गावाच्या वरच्या अंगाला खाण, खाली नदीवर बार्जींचा धक्का, आणि मध्ये चार मैलांचा अरुंद रूळ. त्यावरून एक इंजिन बारा वाघिणी खनिज ओढत नेई. वाटेत थांबायला काही कारण नव्हतं. तरी यशवंत ड्रायव्हर रोज एका वडाखाली गाडी थांबवी, कारण वडामागं रुक्मिणीचं घर होतं, तिच्या चुलीवर चहा होता आणि परातीत गरम उंडे, म्हणजे गोल पाव.

मुकादमानं हटकलं तेव्हा यशवंतानं ठोकून दिलं, "राखणदाराक विडी लावतंय. नाय लावली तर गाडी रुळावरसून उतारता."

त्या वडाखाली राखणदार, जागा राखणारा देव, आहे हे गावाला ठाऊक नव्हतं. पण ड्रायव्हर कशाला खोटं बोलेल? आठ दिवसांत वडाला पेड, म्हणजे पार, बांधला गेला, पेडावर दगड उभा राहिला आणि अमावास्येला रोटाचा नैवेद्य ठेवणं सुरू झालं.

मग सायबाची अक्कल. कचेरीतल्या वहीत त्यानं बघितलं की गाडी रोज एकाच जागी सतरा मिनिटं थांबते. गाडी थांबते म्हणजे तिथं स्टेशन असणारच! आणि स्टेशन असून पाटी नाही, घंटा नाही, मास्तर नाही? महिन्याभरात पत्र्याची खोली उभी राहिली, 'पेड' अशी पाटी लागली, घंटा टांगली गेली आणि मास्तर म्हणून सगुणला पाठवलं.

सगुण सावंतवाडीकडचा. पाच वर्षं डोक्यावर खनिजाच्या पाट्या वाहून त्याची मान खांद्यात रुतली होती. टोपी मिळाली तशी ती हळूहळू वर आली. स्टेशनात माणूस चढत नव्हता की उतरत नव्हता, तरी तो रोज घंटा वाजवी, हिरवा बावटा दाखवी, आणि बायको चंद्रावती रुळापलीकडून ओरडे, "मास्तरांनु, कोंबडी उतारली हा फलाटावर. तिकीट बघा!"

सात वर्षं असं चाललं. मग नवा सायब आला. त्यानं कळवलं: पेड स्टेशन का बांधलं, ते लेखी द्या.

सगुणनं यशवंताला विचारलं. बशीतला चहा फुंकत यशवंतानं सगळं सांगितलं.

"म्हणजे राखणदार नाय?" सगुण म्हणाला.

"अरे, मियाच जल्माक घातलंय त्याका. उंड्यांसाठी."

असला इतिहास कळवायचा कसा? सगुणनं उत्तर पाठवलंच नाही. पंधरा दिवसांत हुकूम आला: पेड स्टेशन बंद. गोकुळदास कारकून गाडीनं येऊन सर्व वस्तूंचा चार्ज सही करून घेईल. चार्ज पुरा होईपर्यंत गाडी तिथं थांबेल, त्यानंतर नाही. सगुण मास्तरनं मग खाणीवर पाट्या उचलायला हजर व्हावं.

सगुणनं हुकूम वाचला आणि त्याची मान आपोआप खाली गेली.

"हात लावून बघतास काय मानेक?" चंद्रावती म्हणाली. "बसा नि यादी करा. नीट करा. काय्येक सोडू नकात."

काहीएक सोडायचं नाही म्हटल्यावर सगुणनं काहीएक सोडलं नाही. घंटा एक, ठीक. कंदील एक, काच तडकलेली. कदेल, म्हणजे खुर्ची, एक, पाय तीन. असे नऊ नग झाले. मग त्यानं जनेलातून बाहेर वडाकडे बघितलं, आणि खाली लिहिलं: राखणदार, नग एक. स्थितीच्या रकान्यात लिहिलं: जागृत.

गोकुळदास आला. पटापट नऊ सह्या ठोकल्या. दहाव्यावर त्याचं पेन थांबलं.

"हें कितें रे?"

"कंपनीच्या जागेत आसा, म्हणजे कंपनीचो. घेवा ताब्यात."

"आनी खंय व्हरूं? कचेरींत? मेजार बसोवं?"

"ता माका काय म्हायत? मी मास्तर. हुकूम तुमचो."

गोकुळदास नऊ सह्या करून उलट पावली गेला. दुसऱ्या दिवशी सायब स्वतः इंजिनात बसून आला. बाहेरगावचा माणूस. यादी बघून खो खो हसला आणि खिशातलं पेन काढलं.

"सायबानु," यशवंत म्हणाला, "सही करशात तर ह्या गाडीन परत जाव नकात."

"का?"

"मधी पूल आसा."

सायबानं पुलाचा थोडा विचार केला आणि पेन यशवंतापुढं धरलं. "मग तू कर. तुझी त्याची ओळख आहे."

यशवंताचा चेहरा उंड्याच्या पिठासारखा झाला. सगुण त्याच्या कानाशी लागला, "कर मा सही! तूच ना घातलस त्याका जल्माक?"

"म्हणान तर भिती!" यशवंत कुजबुजला. "सात वर्सां विडी ओढता तो. आता 'तुझो जल्म लबाडी' म्हणान त्याका सांगूक माझी जीभ वळात?"

रुक्मिणी चहा घेऊन आली होती. "माझ्याकडे बघू नकात," ती म्हणाली. "माका सही करूक येना."

सायबानं चहा घेतला. दोन उंडे खाल्ले. मग कागदावर लिहिलं: चार्ज अपूर्ण. पूर्ण होईपर्यंत गाडी रोज थांबवावी. सगुण मास्तरनं जागा सोडू नये.

आणि मोठी शिकलेली कंपनी पुढची अकरा वर्षं रोज सतरा मिनिटं एका दगडाचा चार्ज घ्यायला थांबली. रोज कोणी ना कोणी कागद उघडायचा, दगडाकडे बघायचा, चहा प्यायचा आणि कागद मिटायचा.

शेवटी ट्रक आले आणि रूळ उखडले. गोकुळदास, आता पिकलेला, तीच जुनी यादी घेऊन आला. घंटा, कंदील, कदेल उचललं. दहाव्या नगापुढं त्यानं सरळ लिहिलं: आढळला नाही.

सगुणची मान ताठ झाली. मास्तरकी सुटली त्याचं त्याला एवढं लागलं नाही.

"आढळूक नाय? डोळे फुटले काय तुझे? थंयच तर बसलो हा!"

गोकुळदास ट्रकात चढला. सगुणनं घाईघाईनं विडी पेटवली, दगडापुढं ठेवली आणि हात जोडले, "देवा, तेच्याकडे लक्ष देव नको. कारकून तो."