पावशेर कांदा

पाचव्या दिवशी कुत्रं आडवं झालं, तेव्हा लालबागच्या त्या चाळीच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिली पाळी सुटलेले कामगार डबे हातात घेऊनच थांबले होते, बाया गॅलऱ्यांतून वाकल्या होत्या. मधोमध नळाच्या खांबाला बांधलेलं एक तांबूस गावठी कुत्रं उठायची खटपट करत होतं. पुढचे पाय टेकवी, मागचे लटपटत, की पुन्हा बसे. शेवटी ते बसल्या जागी मुतलं, ते लालभडक. गर्दीतून येळकोटाचा गजर झाला आणि मूठमूठ भंडारा उधळला गेला.

"डोळं उघडून बघा," दौलतबुवा म्हणाला. "बाईच्या छातीतलं रगत ह्याच्यातनं भाईर पडाय लागलं. सात दिसांत रोग मुळासकट कुत्र्यात, आन् कुत्रं मल्हारीच्या दारी."

बुवा पान चघळत होता आणि रक्ताचं नाव घेताना त्याच्याच हनुवटीवरून लाल ओघळ आला. तोही लोकांना चमत्काराचा भाग वाटला असावा, कारण हसलं कोणीच नाही. एरवी मी हसलो असतो. पण ती बाई कोंडीरामची बकुळा होती.

कोंडीराम खटावकडचा, गिरणीत साळखात्यात, मागावर. मी गुणाजी, वरळीच्या बीडीडी चाळीतला, परळला जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर. दोन वर्षांपूर्वी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात एकाच शिपायाच्या लाठीने त्याचं डोकं फुटलं आणि माझा खांदा निखळला, तेव्हापासूनची आमची दोस्ती. बकुळा मला भावोजी म्हणायची. तिला क्षय झाला होता. म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात चार महिने सुया टोचून घेतल्यावर ती अंग धरू लागली होती, खोकल्यातलं रक्त थांबलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की वर्षभर खंड पडता कामा नये. तेवढ्यात हा बुवा चाळीत आला.

सुई आणि देव एका अंगात राहत नाहीत, असं त्याचं पहिलं वाक्य. उताऱ्याआधी पंधरा दिवस सुया बंद, ती कडू पूडही बंद. बकुळाने ऐकलं आणि खरंच तिला बरं वाटू लागलं. कानातला घणघणाट थांबला, भोवळ गेली, जेवणावर वासना आली. सासू सुभद्राबाई हे ज्याला-त्याला सांगत सुटल्या. आता कानात घणघणाट आणि भोवळ ही त्या सुईचीच देणगी, मळमळ त्या पुडीची. औषध बंद केलं की औषधाचा त्रास बंद होणारच. रोग मात्र आत बसून वाट पाहत होता. बकुळाला पुन्हा सुईपाशी न्यायचं, तेही लवकर, याखेरीज मला दुसरं काही सुचत नव्हतं.

कुत्र्याचा प्रकार असा. चंपाषष्ठीला खंडोबाला रोडगा, वांग्याचं भरीत आणि कांदा यांचा नैवेद्य होतो आणि त्यातला एक घास कुत्र्याला घालतात, कारण कुत्रं खंडोबाचं. वर्षातून एकदा एक घास. त्याने कुत्र्याचं काही बिघडत नाही. बुवाने त्या घासाची पाटी केली. रोग्याच्या घरी रोज रोडगा आणि भरीत करायचं, त्यात पावशेर कच्चा कांदा चिरून मिसळायचा, भुकेल्या कुत्र्याने तोंड फिरवू नये म्हणून वर सुकटीचा चुरा. रोग्यावरून सात वेळा ओवाळून कुत्र्यापुढे ठेवायचं. आधीची तीन कुत्री अशीच गेली होती आणि तिन्ही रोगी उठून बसले होते. एकाला हिवताप, एकाला कावीळ, तिसऱ्या बाईला पोटात वारा. बुवा चाळीत न येता तर हे तिघे जागेवरून उठलेच नसते, असं आता कोणीही शपथेवर सांगत होतं.

गर्दी पांगल्यावर मी कुत्र्याचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या डॉक्टरसाहेबांना विचारलं. त्यांनी आधी खाणं काय घालतात ते विचारलं. मी सांगितलं. कांदा किती, तर पावशेर, रोज. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली.

"मग दुसरं काय होणार? कांद्याने कुत्र्याचं रक्त फुटतं, गुणाजी. अंगातल्या अंगात. तेच लघवीतून येतं. लसणानेही तेच. आपण शेरभर खाऊन ढेकर देतो, म्हणून वाटतं की त्यालाही चालेल."

कांदा खाल्ल्या दिवशी काही दिसत नाही, चार-पाच दिवसांनी दिसतं, म्हणूनच कोणाच्या ध्यानात येत नाही, असंही ते म्हणाले. बुवाचे सात दिवस कुठून आले ते मला तिथे कळलं. देवाने सांगितलेले नव्हते, पहिलं कुत्रं मरायला लागलेले होते.

मी तसाच कोंडीरामला गिरणीच्या फाटकाशी गाठलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वाद घालायचा त्याचा स्वभाव नव्हता. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, करून बघ. भरीत तूच कालवतोस ना? ओवाळणं, भंडारा, सगळं तसंच ठेव, फक्त कांदा घालू नकोस. रोग खरोखर कुत्र्यात जात असेल तर ते कांद्याविनाही मरेल. उठून उभं राहिलं, तर बकुळाला मी स्वतः दवाखान्यात घेऊन जाईन.

"आईला सांगायचं न्हाई," तो म्हणाला.

त्याने तसंच केलं. सातवा दिवस उलटला, कुत्रं मेलं नाही. रोग चिवट आहे, असं सांगून बुवाने मुदत वाढवली. दहाव्या दिवशी कुत्रं उभं राहिलं. पंधराव्या दिवशी शेपूट हलवून माझ्या अंगावर उड्या मारू लागलं. मला कोण आनंद झाला. इतका, की या खेळात बुवाची चाल अजून बाकी आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. तो मूर्खपणा माझाच, आणि मी तो आजवर स्वतःला माफ केलेला नाही.

त्या रविवारी सगळी चाळ आवारात असताना मी मधोमध उभा राहिलो. कुत्र्याचा ओठ उचलून गुलाबी हिरडी दाखवली, डॉक्टर म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं, कोंडीरामने कांदा कधीपासून थांबवला तेही सांगितलं. हा रोग नव्हता, कांदा होता, एवढं समजायला शाळा लागत नाही, असं म्हणालो. चार-दोन माना डोलल्याही.

दौलतबुवाने पानाची पिंक टाकली आणि सावकाश विचारलं, "कुत्रं बरं झालं न्हवं? मग त्याच्यातला रोग गेला कुठं?"

सगळ्यांच्या नजरा दुसऱ्या मजल्यावर बकुळाच्या दाराकडे गेल्या.

नेमकं त्या पहाटे बकुळाच्या खोकल्यात पुन्हा रक्त आलं होतं. महिनाभर सुई नाही, दुसरं काय येणार होतं? मी ओरडून तेच सांगत होतो. सुभद्राबाई म्हणाल्या, तुम्ही मागच्या साली दीक्षा घेऊन देव पाण्यात सोडले, तुम्हाला आमच्या देवाचं काय? मग एकाने तुम्ही लोक म्हणून सुरुवात केली आणि बाकीच्यांनी पुरं केलं. मोर्चात याच लोकांनी मला दादा म्हणून हात धरून पळवलं होतं.

कोंडीराम मात्र मला वर घेऊन गेला. बकुळा भिंतीला टेकून बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"भावोजी, त्ये कुत्रं खरंच बरं झालं?"

"झालं, वहिनी. कांदा थांबवला म्हणून झालं. तुमचा त्याच्याशी संबंध नाही. उद्या सुईला चला."

"बरं झालं म्हंजी माझं माघारी आलं," ती म्हणाली. "मुक्या जीवाचा दोष न्हाई. पर मला जगायचं व्हतं."

मी तासभर समजावलं. ती ऐकत होती, अधूनमधून मान हलवत होती. शेवटी, तुम्ही वाईट नाही भावोजी, असं म्हणाली.

ती सुईला आली, पण आठ दिवसांनी, उठवत नव्हतं तेव्हा कोंडीरामने पाठीवर आणली म्हणून. मध्येच सोडलेलं औषध पुन्हा लागू पडेल याची खात्री नाही, जंतू त्याला सरावतात, असं तिथले डॉक्टर म्हणाले. लागू पडलं नाही. इकडे सुभद्राबाईंनी कुत्र्याला कांदा पुन्हा सुरू केला होता, या खेपेला अर्धा शेर. मी दोनदा त्याला सोडवायला गेलो आणि दोनदा मार खाऊन परत आलो. कुत्रं सोमवारी मेलं. चाळीत भंडारा उधळला, आता बकुळा उठणार म्हणून तिच्या अंथरुणाशी नारळ फोडला.

बुधवारी बकुळा गेली.

कुत्रंही मेलं होतं, तीही मेली होती. याहून उघड पुरावा देवानेसुद्धा दिला नसता. बुवाने मधल्या दिवसांत कांदा थांबल्याच्या आणि माझा हात लागल्याच्या विटाळावर बोट ठेवलं आणि मुक्काम नायगावला हलवला. तिथे आता पाचवं कुत्रं बांधलंय असं ऐकतो.

म्हणून हे लिहितो. आपल्या ताटातलं सगळंच कुत्र्याला मानवत नाही. साधी भाकरी घाला, भात घाला, पण कांदा-लसूण घातलेलं काही घालू नका, मग तो नैवेद्य असो की कालचं कालवण. सुरू केलेली सुई कोणाच्याही सांगण्यावरून सोडू नका. आणि एकाचं दुखणं दुसऱ्याच्या अंगात घालून देतो, असं सांगणारा दारात आला, तर तो खायला काय घालतो ते आधी बघा.

कोंडीरामला मी हे सगळं वेळेवर सांगितलं होतं आणि त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. स्मशानातून परतताना माझा हात धरून त्याने विचारलं, "गुणाजी, खरं सांग. मधी आपुन कांदा थांबवला नसता, तर ती वाचली असती का रं?"