चेडोबाला बोललेले मासे

दहिवलीच्या बाहेर, नदीच्या अंगाला मुंबईच्या एका शेठने बंगला बांधला आणि बंगल्यापुढे चक्क जपान आणून ठेवला. शेठचा धंदा जपानी रेशमाचा. माल आणायला तो दर वर्षी तिकडे जायचा, आणि तिथल्या कुठल्याशा बागेत बसून त्याचं डोकं फिरलं. परत आल्यावर त्याने तळं खणलं, तळ्यावर पालथ्या सुपासारखा लाल पूल घातला, काठावर दगडी दिवा उभा केला. त्या दिव्यात तेल कधी कुणी घातलं नाही. आणि तळ्यात सोडले बारा मासे, जे पिंपात बसून आगबोटीने थेट जपानहून आले होते. शेठ त्यांना कोई म्हणायचा. गाव त्यांना शेठची मासळी म्हणायचं आणि जाता-येता कुंपणावरून त्यांच्या वजनाचा अंदाज घ्यायचं.

या मासळीची देखरेख सहदेवकडे होती. नोकरीवर ठेवताना शेठने विचारलं होतं, "माशांतलं काही कळतं का?" सहदेव छातीठोक म्हणाला, "समदं कळतं." ते खोटंही नव्हतं. शिवडा कुठे दडतो, मरळ कुठल्या बिळात असते, वामेची कातडी राखेने कशी धरून सोलायची, हे सगळं त्याला कळत होतं. मासा जिवंत कसा ठेवायचा एवढंच काय ते माहीत नव्हतं, कारण तशी वेळच कधी आली नव्हती.

सहा वर्षांत तो तेही शिकला, आणि शिकता शिकता माणसातून उठला. बाराही मासळ्यांना त्याने गावातल्या बायकांची नावं ठेवली. पांढरीशुभ्र, अंगाने भरलेली आणि कपाळावर रुपयाएवढा लाल ठिपका असलेली जी सगळ्यांत मोठी होती, तिचं नाव आनंदीबाई. गावच्या पाटलाची बायको आनंदीबाई अशीच गोरी, अशीच भरलेली, आणि कुंकूही तेवढंच मोठं लावायची. यात सहदेवचा वाईट हेतू नव्हता, पण ही गोष्ट तो कुणाला सांगतही नव्हता.

"सवत आनली अस्तीत तर झिंज्या तरी धरल्या अस्त्या," त्याची बायको अंबूबाई म्हणायची. "ह्या बाराजनींला धरू कुठं?"

आणि मग एकेचाळीस सालच्या डिसेंबरात जपान लढाईत उतरला.

शेठची पाचावर धारण बसली. मुंबईत जपानी मालाच्या दुकानांवरच्या पाट्या रातोरात बदलत होत्या, आणि याच्या बागेत तर जपान अख्खा उघडा पडलेला. पौषात त्याचं पत्र आलं. गावात पत्र कुणाचंही असो, ते चावडीवर शाळेचे गुरुजी मोठ्याने वाचायचे. गुरुजींनी चष्मा सावरला आणि वाचलं: सरकारी माणसं तपासाला येण्याआधी बागेत जपानी म्हणून काही दिसता कामा नये. पुलाला चुना मारावा. दिवा पाडावा. माशांची ताबडतोब विल्हेवाट लावावी.

चावडीवर जपानचं दुःख कुणाला झालं नाही. बारा मासळ्या, एकेक सहा-सात शेरांची. सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. सर्वांत जास्त सुटलं येसाजी पाटलाच्या. त्याला निराळंही कारण होतं. भात झोडून झालं की गावाच्या शिवेवरच्या चेडोबाला राखण द्यायची, म्हणजे बोकड कापायचा आणि गावाने जेवायचं, ही रीत. बोकड पाळीपाळीने एकेका घरचा. या साली पाळी पाटलाची होती, आणि पाटलाचा काळा बोकड एवढा देखणा झाला होता की पाटील त्याच्याकडे बघून पानाची पिंक टाकायचा विसरे. आठ दिवसांवर राखण आली होती आणि बोकड वाचवायचा कसा या चिंतेने पाटलाला जेवण जात नव्हतं.

"इल्हेवाट म्हंजे काय ते आमाला ठावं हाय," पाटील म्हणाला. "धाकलू, जाळं घे रं."

धाकलू म्हणजे गावाचा कोयता. राखणीचा बोकड तोच उडवायचा. तो उठलाही. सहदेव धडपडत उठला. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जे तोंडात आलं ते तो बोलून गेला.

"हात लावू नका! त्या देवाला बोललेल्या हायत!"

धाकलू थांबला. देवाला बोललेली वस्तू म्हणजे देवाची. तिला माणसाने हात लावायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत.

"कंच्या देवाला?" पाटलाने विचारलं.

आता सहदेवने मान डावीकडे वळवली असती तर त्याला विठोबाचं देऊळ दिसलं असतं. विठोबा बिचारा तुळशीच्या पानावर खूश. त्याला बोललेली मासळी म्हातारी होऊन मेली असती. पण सहदेवची मान घाबरून ताठ झाली होती, आणि समोर, पाटलाच्या खांद्यावरून, शिवेवरचा शेंदूर फासलेला धोंडा दिसत होता.

"चेडोबाला," तो म्हणाला.

म्हणाला आणि जीभ चावली. चेडोबा! अख्ख्या पंचक्रोशीत शाकाहाराशी ज्याचा काही संबंध नाही असा एकच देव, आणि याने नेमकं त्याचंच नाव घेतलं. पाटलाच्या मिशीखाली हसू फुटलं. "मग झालं तर!" तो म्हणाला. "ह्या साली राखन मासळीची. सहदेवानं आपनहून बोलल्येय. माजा बोकड फुडल्या साली."

घरी अंबूबाईने कपाळावर हात मारून घेतला. "समदे देव संपले व्हते?" तिने विचारलं. आठ दिवस सहदेव तळ्याकाठी बसून राहिला. मासळ्या नदीत सोडाव्यात, तर तिथे अख्ख्या गावाची मासे धरायची जाळी, भोकश्या आणि पाग, लागलेली. एवढ्या पांढऱ्या-लाल अंगाची मासळी नदीत दडणार कुठे? पुलाला त्याने चुना मारला, दिवा पाडायच्या ऐवजी त्याला शेंदूर लावून टाकला, आणि मासळ्यांकडे बघून त्याला रडू यायचं. तो रडलासुद्धा, दोनदा.

राखणीच्या सकाळी गाव तळ्याकाठी जमलं. पौषातली थंडी, तळ्यावर धुकं. पाटील नवं धोतर नेसून, डोक्याला मुंडासं बांधून, उघड्या अंगावर उपरणं टाकून आला होता, कारण देवाच्या कामाला अंगरखा चालत नाही. पाटलीणबाई आनंदीबाई बायकांत उभ्या. धाकलूने कोयत्याला धार लावलेली. आणि सगळ्यांच्या पुढे भिवाजी भगत, हातात तांब्या घेऊन. भगताचं वय सत्तरीच्या पुढे. चेडोबाच्या बाबतीत तो स्वतःच्या बापाचंही ऐकला नसता.

"धर रं जाळं," पाटील म्हणाला.

"थांब," भगत म्हणाला. "आदी पानी."

आणि इथे सहदेवच्या जिवात थोडा जीव आला, कारण ही रीत तो पार विसरला होता. बोकडावर देवाच्या तांब्यातलं पाणी शिंपडतात. त्याने अंग झाडलं, थरथरला, म्हणजे देवाने तो मानून घेतला. अंग झाडेपर्यंत कोयता उचलायचा नाही. काही बोकड लगेच झाडतात, काही दुपारपर्यंत गावाला उपाशी ठेवतात.

"मासळीला कसलं पानी शिंपडता, बाबा?" पाटील म्हणाला. "पान्यातच हाय ती."

"देवानं रीत लावली तवा बोकड का मासळी आसं इचारलं नव्हतं," भगत म्हणाला आणि काठावर उकिडवा बसला. त्याने तांब्यातलं पाणी बोटांनी तळ्यावर शिंपडलं.

सहदेव रोज भात टाकण्याआधी असंच पाणी शिंपडायचा. ते टपटप ऐकून बाराही मासळ्या धुक्यातून निघाल्या, भगतासमोर दाटीवाटीने उभ्या राहिल्या आणि तोंडं उघडून वाट बघू लागल्या. थरथर वगैरे काही नाही. एकीने तर भगताचं बोट चोखून पाहिलं. सत्तरी ओलांडलेल्या त्या रागीट म्हाताऱ्याच्या तोंडून खुदकन हसू निघालं, आणि ते लपवायला तो जोराने खोकला.

"नाय झाडलं," त्याने जाहीर केलं. पुन्हा शिंपडलं. पुन्हा तोंडं. दहा वेळा झालं, पंधरा वेळा झालं. ऊन वर आलं तरी तळ्याकाठच्या झाडांखाली गारठा तसाच होता. लोकांची पोटं बोलायला लागली.

"भायेर काढू आन् मग शिंपडू," धाकलूने सुचवलं. "भायेर काढली की झाडंलच की अंग."

पण भगत धाकलूवर गुरकावला, "तू बोकडाचा कंदी गळा दाबून मंग पानी शिंपडलंस? ती देवाची खूण नाय, ती मरनाची तडफड."

तेवढ्यात आनंदीबाई, म्हणजे पांढरी, जरा जास्तच पुढे आली आणि तिने काठाच्या दगडाला अंग घासलं. तिला नुसती खाज सुटली असेल, पण सहदेवला वाटलं, हिने आता अंग झाडलं आणि संपलं. तो ओरडला, "आनंदीबाय, मागं सर! गप ऱ्हा!"

पाटलीणबाईंनी पदर सावरला. पाटील हळूहळू वळला. त्याने सहदेवकडे पाहिलं, मग मासळीच्या कपाळावरच्या लाल ठिपक्याकडे पाहिलं, मग बायकोच्या कपाळाकडे. बायकांतून कुणीतरी फिस्सकन हसलं. ती अंबूबाई होती, हे सांगायला नकोच.

"माज्या बायकूचं नाव मासळीला?" पाटील गरजला. "आन तो तांब्या हिकडं! बगतो कशी झाडत नाय ती!"

भगताच्या हातातला तांब्या हिसकावून तो काठाच्या दगडावर चढला, वाकला, आणि सगळं पाणी आनंदीबाईच्या टाळक्यावर ओतायला हात उंचावला. दगडावर शेवाळ होतं. पाटलाचे पाय वर, तांब्या त्याहून वर, आणि पाटील धाडकन तळ्यात. मागून तांब्या येऊन त्याच्या टकलावर रिकामा झाला.

पाणी छातीइतकंच होतं, पण पौषातलं होतं. पाटील काठावर चढला. मुंडासं तळ्यात, उपरणं तळ्यात, धोतर अंगाला चिकटलेलं. आणि मग तो थरथरला. नुसता थरथरला नाही. मिशीपासून पोटरीपर्यंत अंगाचा कण न् कण हलला, दात वाजले, पाण्याचे शिंतोडे लांब उभ्या गुरुजींच्या चष्म्यावर उडाले.

भगत उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, हे ध्यानात घ्या.

"झाडलंन," तो म्हणाला.

लोकांना कळायला जरा वेळ लागला. धाकलूला सर्वांत उशिरा कळलं. त्याने पाटलाकडे पाहिलं, हातातल्या कोयत्याकडे पाहिलं, आणि तो पाटलाच्या मानेकडे जरा रोखून बघू लागला. सवयीचा माणूस.

"कोयता खाली ठेव, भाड्या!" पाटील किंचाळला. "मी मानूस हाय!"

"ते देवाला दिसतंय," भगत शांतपणे म्हणाला. "पर पानी देवाच्या तांब्यातलं व्हतं, पडलं तुज्यावर, आन झाडलंस तू. मासळी त्यानं पंधरा येळा नाकारली. तुला एका झटक्यात घेतलान. आता जिवाच्या बदल्यात जीव द्यावा लागंल, पाटील. तुज्या घरचा."

पाटील काकडत उभा होता. त्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण दातच वाजले. पाटलीणबाईंनी मात्र क्षणाचाही विचार केला नाही. "आना तो बोकड," त्या म्हणाल्या. "आन ह्यांला कायतरी पांघराय द्या."

काळा बोकड आला. त्याच्यावर पाण्याचे दोन थेंब पडायचा अवकाश, त्याने सगळं अंग झाडलं. दुपारी गाव शिवेवर पोटभर जेवलं. सहदेवला बोकडाची दया आली. एवढा देखणा जीव, आणि त्याच्या बाजूने कुणी एक शब्द बोललं नाही. मग त्याने दुसऱ्यांदा रस्सा मागितला. गुरुजींकडून त्याने शेठला पत्रही लिहवलं, की बागेत आता जपानी मासा एकही नाही, आहेत ते चेडोबाने बघून परत केलेले आहेत. तो खुशीत होता. चार लोकांना हसून सांगत होता, की बघा, आपण गावाची कशी जिरवली.

अंबूबाई रस्सा वाढत होती. वाढता वाढता ती थांबली.

"पाटलानं निदान आपला बोकड दिलान," ती म्हणाली. "तुमी घाबरलात, तवा तुमी कोनाचा जीव बोललात?"

सहदेवच्या हातातला घास हातातच राहिला. तो उठला, पत्रावळीतला उरलेला भात मुठीत घेतला आणि तळ्यावर गेला. तिथे कुणी नव्हतं. काठाला पाटलाचं मुंडासं तरंगत होतं. सहदेव शेवाळाच्या दगडापासून जरा लांब बसला आणि पाणी शिंपडायला त्याचा हात होईना. त्याला स्वतःची लाज वाटत होती. खरी, पोटातून वाटत होती.

"चुकलो गं," तो पाण्याकडे बघून म्हणाला. "माजी फाटली, आन मी नावं तुमची घेतली."

न शिंपडताच आनंदीबाई आली. माफी वगैरे तिला काही द्यायची नव्हती. तिने तोंड उघडलं. त्याने भात टाकला. मग बाकीच्या आल्या आणि नेहमीसारख्या एकमेकींच्या अंगावरून ढकलाढकली करू लागल्या. सहदेवने मोजल्या, बारा भरल्या. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजल्या, आणि भात संपला तरी तो मोजतच बसला.