एका उपाशीपोटी तीन तपासण्या

माझा नवरा कारखान्यात प्लॅनिंग बघतो. कुठला ट्रक कुठून निघून कधी पोचेल, हे तो झोपेतही सांगतो. त्यामुळे सासूबाईंच्या तपासण्या ठरवायचं काम त्याने परस्पर स्वतःकडे घेतलं. त्यांचा घास घशाखाली उतरत नव्हता, ब्लाउज ढगळ झाले होते. डॉक्टर म्हणाले होते, "सोनोग्राफी, सीटी आणि बेरियम, तिन्ही करा. सीटी बघितल्याशिवाय मला ऑपरेशनचं ठरवता येणार नाही. आणि शनिवारपासून मी रजेवर आहे."

झालं! नवऱ्याने फोनवर 'आईच्या तपासण्या' नावाचा ग्रुप काढला. त्यात दीर आला, नणंद आली आणि नणंदेचा नवराही आला, ज्याचा वैद्यकाशी संबंध स्वतःच्या सर्दीपुरता. ग्रुपमध्ये नव्हती ती फक्त आई. तिन्ही तपासण्या उपाशीपोटी, हे कळल्यावर तर नवऱ्याला साक्षात्कारच झाला. "मग तिला तीनदा उपाशी कशाला ठेवायचं? एकाच उपाशीपोटी तिन्ही उरकू!" ग्रुपवर टाळ्या पडल्या.

शुक्रवारी सकाळी सोनोग्राफीसाठी लघवी तुंबवायची होती. सासूबाईंनी घोट घोट करत पाण्याची बाटली संपवली, तर नंबर लागेना. त्या खुर्चीच्या कडेवर गुडघे आवळून बसल्या आणि चिरंजीव त्यांना "जरा दम धर" म्हणत फेऱ्या मारत राहिले.

एकदाची सोनोग्राफी झाली. सीटी दुपारी होता. तेवढ्यात नवऱ्याला बेरियमची खोली रिकामी दिसली आणि त्याचे हात शिवशिवले. "मधल्या वेळात हेही उरकू." सासूबाई काहीतरी सांगायला पुढे झाल्या. तो फोनवर दिराला बातम्या देत होता. त्याने तळहात वर केला. त्या गप्प बसल्या. मला संताप आला, पण चारचौघांत तमाशा नको म्हणून मीही तो गिळला.

खडूच्या पाण्यासारखं ते बेरियमचं पांढरं औषध त्यांनी डोळे मिटून कसंबसं संपवलं. फोटो काढणारा म्हणाला, "आता भरपूर पाणी प्या, आजी."

"छे, छे," नवरा म्हणाला, "पुढे सीटी आहे."

दुपारी सीटीच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "बेरियम कधी झालं?"

"आत्ताच!" नवऱ्याची छाती फुगलेली.

"मग आज सीटी होणार नाही. ते औषध पोटात आहे तोवर फोटोत तेच चमकणार, गाठबीठ काही दिसणार नाही. पुढच्या आठवड्यात या."

"अहो, पण डॉक्टर उद्यापासून रजेवर आहेत!"

"म्हणूनच सांगितलं होतं ना, बेरियम सीटीनंतर करा. काल या आजींनीच फोन करून विचारलं होतं."

गाठ असली, तर ती काही डॉक्टरांची रजा संपायची वाट बघत बसणार नव्हती. नवरा आईकडे वळला.

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलायला आले होते. घरी एकदा, इथे एकदा. तू दोन्ही वेळा हात वर केलास."

त्याच्या हातातला फोन वाजला. ग्रुपवर नणंदेने विचारलं होतं, 'काम फत्ते?'

सासूबाईंनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"आता तरी पाणी पिऊ का," त्या म्हणाल्या, "की आधी ग्रुपवर विचारतोस?"