जेज्देची गंमत

काराकोल शहरातल्या त्या मदतकेंद्रात साल्किनचं मोठं नाव होतं. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या, तोंडाला कुलूप लावून बसलेल्या बायका तिच्यापुढे घडाघडा बोलायच्या. साल्किन आधी मिठी मारायची, मग चहा ओतायची, मग घरादाराची, पोराबाळांची, मेंढरांची खुशाली विचारायची, आणि त्या ओघात बाई कधी रडायला लागायची ते तिचं तिलाही कळायचं नाही. आपली ही पद्धत सगळ्यांना लागू पडते, असं साल्किनला वाटायचं. वाटणारच. तसं नाही म्हणून आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आयझिरेकला तिथे घेऊन आली ती शेजारची बूरुल आपा. ऐन हिवाळा होता. बाविशीची मुलगी, डोक्यावर करड्या लोकरीची टोपी कानांखाली येईपर्यंत ओढलेली.

"हिला ऑटिझम आहे," बूरुल आपा म्हणाली. "टोपी काढायला सांगू नका हं, आवाज सहन होत नाहीत तिला. आईनं वारण्याआधी विणलेली आहे ती. आता बहिणीकडे राहते. भिंतीपलीकडून मला हिचं किंचाळणं ऐकू येतं. आज म्हणाली, मला विचारायचंय. काय ते मला सांगत नाही. तुम्हीच बघा, बाई."

साल्किननं उठून मुलीला छातीशी धरलं. आयझिरेक लाकडासारखी ताठ झाली. "थंडीनं आखडलीय बिचारी," असं म्हणून साल्किननं चहा ओतला.

"वर बघ की गं. मी काय खाणार आहे तुला?"

आयझिरेकनं वर बघितलं.

"घरी सगळे बरे?"

"बरे."

"एजे बरी आहे?"

"बरी."

"आणि जेज्दे?" एजे म्हणजे ताई, जेज्दे म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा.

"जेज्दे गंमत करतो."

साल्किन खळखळून हसली. जेज्देनं मेहुणीची थट्टा करायची, मेहुणीनं सव्याज परतफेड करायची, हे तिकडे रीतीचंच. साल्किनच्या जेज्देनं तिची वेणी खुर्चीला बांधली होती आणि तिनं त्याच्या नव्या बुटांत घोडीचं आंबवलेलं दूध ओतलं होतं. अजूनही मेजवानीला दोघं बसली की तो किस्सा निघायचा. तेच तिला आठवलं.

"अगं, जेज्देनं गंमत नाही करायची तर मग कुणी करायची?"

आयझिरेक तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तीही हसली. साल्किन थांबली तशी थांबली. बूरुल आपा मात्र हसली नाही. साल्किनच्या ते लक्षात आलं, पण म्हाताऱ्या शेजारणीला नाहीतरी दुसऱ्यांच्या घरात काहीतरी वावगं दिसतच असतं, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

"तुला कुणी त्रास देतं का गं?" तिनं विचारलं खरं. आयझिरेक गप्प. तिची बोटं टोपीच्या कडेवरून फिरत होती. गप्प बसलेलं माणूस साल्किनला बघवत नसे.

"नाही ना? मग झालं तर!"

बहीण गुलझिना न्यायला आली तेव्हा साल्किननं पिशवीभर तळलेले कणकेचे बोर्सोक बांधून दिले आणि दारापर्यंत सोडायलाही गेली. आपण एक घर विनाकारण मोडता मोडता वाचवलं, असंही तिच्या मनात आलं असेल. चांगल्या माणसांच्या मनात असलं फार लवकर येतं.

नूरूझ, वसंतातल्या नववर्षाचा सण, तोंडावर आला असताना तिला इस्पितळातून बोलावणं आलं. आयझिरेकचा उजवा हात भाजला होता. टोपी खोली तापवायच्या बंद शेगडीत पडली आणि वेडीनं मागोमाग हात घातला, असं जेज्दे सांगत होता. सुट्टीच्या कागदांवर सही करून तिला घरी न्यायला तो बायकोसह खाली थांबला होता. मुलगी स्वतः काही बोलली नाही, तर त्याला अडवायला पोलिसांच्या हाती काही नव्हतं.

"मी विचारून थकलो, एजे," पोलीस अधिकारी जोल्दोश म्हणाला. "मारलं का, तर नाही. मग म्हणते गंमत. वरून हसते! मी काय लिहू? मुलगी मजेत आहे?"

खोलीत ट्यूबलाइट गुणगुणत होती. आयझिरेकला आता टोपी नव्हती. बांधलेला हात मांडीवर टाकून ती दुसऱ्या हातानं एकच कान दाबून बसली होती. दुसरा कान उघडाच होता. साल्किनचे हात मिठीसाठी पुढे झाले आणि तिथेच थांबले. लाकडासारखी ताठ झालेली पाठ त्या हातांना आता आठवली. बिश्केकला कधीतरी एक प्रशिक्षण झालं होतं. त्यात याच विषयावर कुणी डॉक्टरीण बोलली होती आणि साल्किन शेजारणीशी कुजबुजत बसली होती. कानावर पडलं होतं तेवढं ती आता गोळा करायला लागली.

तिनं दिवा बंद केला. स्वतःची शाल काढून पलंगावर ठेवली आणि मुलीच्या समोर न बसता शेजारी, खिडकीकडे तोंड करून बसली. थोड्या वेळानं आयझिरेकनं शाल ओढून डोक्याभोवती गुंडाळली.

"माझ्याकडे बघू नकोस. बघायची काही गरज नाही."

"बघितलं की ऐकू येत नाही," आयझिरेक म्हणाली.

"टोपी शेगडीत कशी गेली?" साल्किननं विचारलं.

उत्तर येईना. जोल्दोश खाकरला. साल्किननं हात वर करून त्याला गप्प केलं आणि स्वतःही ओठ मिटून बसली. हे तिला फार जड गेलं. बाहेर छपरावरून वितळलेलं बर्फ टपकत होतं.

"जेज्देनं टाकली."

"मग काय झालं?"

"तो म्हणाला, हवी तर काढ. मी हात घातला. त्यानं शेगडीचं दार हातावर लोटलं. आणि धरून ठेवलं."

"त्याच्या आधी त्यानं काय काय केलं होतं?"

तिनं सांगितलं. कोळशाच्या खोलीत कोंडणं, कानाशी पातेलं बडवणं, रडली की जेवण उचलून नेणं. सगळं एकाच सुरात, बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तसं. जोल्दोश भराभर लिहीत होता.

"मघाशी मला का नाही सांगितलंस, पोरी?" त्यानं विचारलं.

"तुम्ही विचारलं, मारलं का. मारलं नाही. गंमत केली."

"गंमत म्हणजे काय, आयझिरेक?" साल्किननं हळूच विचारलं.

"जेज्दे करतो ते."

"असं त्यानं सांगितलं तुला?"

"हो. मला खरं वाटत नव्हतं. म्हणून तुम्हाला विचारायला आले होते. तुम्ही म्हणालात, जेज्देनं नाही करायची तर मग कुणी करायची. आणि हसलात. मग मीही घरी हसायला लागले."

जोल्दोशनं वही मिटली आणि कुणाकडेही न बघता तो जिना उतरून गेला.

डॉक्टर म्हणाले होते, तीन बोटं पुन्हा मिटतील असं नाही. साल्किनला ते आठवलं. आपण त्या दिवशी तोंड बंद ठेवलं असतं, नुसतं एवढं विचारलं असतं की बाई गं, गंमत करतो म्हणजे काय करतो, तर हा हात आज धड असता. त्यासाठी प्रशिक्षण लागत नव्हतं की हुशारी.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

यावर काराकोलमध्ये कुणीही म्हणालं असतं, असू दे एजे, मनाला लावून घेऊ नका. साल्किननं नकळत त्याची वाटही पाहिली.

"हो," आयझिरेक म्हणाली. "चुकलं."

खाली आवारात आवाज चढले. गुलझिना रडत होती आणि जेज्दे ओरडत होता, "अहो साहेब, गंमत केली हो! मेहुणी आहे माझी!"

तो शब्द कानावर पडला तसे आयझिरेकचे ओठ फाकले. पण हसण्याआधी तिनं मान वळवून साल्किनचा चेहरा पाहिला. साल्किन रडत होती. ओठ पुन्हा मिटले.

"आता हसायचं नाही?"

"नाही गं. याला कधीच हसायचं नाही."

आयझिरेकच्या धड हाताची बोटं शालीच्या कडेवरून फिरली.

"हे तेव्हा सांगायचं होतं," ती म्हणाली, आणि शाल कानांवर घट्ट ओढून खिडकीकडे बघत बसली.