पोस्टमनचं शहर

नव्या मेट्रोच्या स्थानकात बाबांनी कार्ड यंत्रावर टेकवलं, फाटक उघडलं आणि मागे न बघता ते पुढे निघाले.

"ये, ये. घाबरू नकोस, मी आहे ना!"

लेकीला हसू आलं. नऊ वर्षं परदेशात रोज भुयारी रेल्वेनेच कामावर जाणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. पण ती मुकाट मागे चालली. चार दिवसांच्या सुट्टीत ती एकच काम काढून आली होती. आई गेल्यापासून एकटे राहणाऱ्या बाबांना आपल्याकडे न्यायचं. बाबांचं उत्तर फोनवर ठरलेलं असे. बत्तीस वर्षं या राजधानीत टपाल वाटलंय, डोळे बांधून सोडलंस तरी घरी येईन.

राजधानी मात्र ती राहिली नव्हती. त्यांच्या वाटपाच्या गल्ल्यांवरून उड्डाणपूल गेले होते. काल विमानतळावरून येताना लेकीला स्वतःच्या शाळेचा रस्ताही ओळखू आला नाही. बाबा एक दिवस कुठेतरी चुकतील आणि आपल्याला कळायलाही दोन दिवस लागतील, ही भीती तिला सोडत नव्हती.

आज मात्र बाबा कुठेच अडखळले नाहीत. त्यांनी बरोबर फलाटावर गाडी बदलली, सरकत्या जिन्यावर तिलाच जपून पाय टाकायला बजावलं आणि नदीकाठच्या नव्या बागेत नेऊन आणलं.

"काय समजलीस म्हाताऱ्याला?"



परतताना बाबा पाणी प्यायला गेले, तेव्हा फाटकावरची रखवालदार बाई जवळ आली.

"तुम्ही काकांच्या लेक ना? आज अगदी बरोबर आले हो. आठवडाभर रोज येतायत, वहीत लिहून घेतात. सोमवारी तर दोनदा उलट्या गाडीत बसले. म्हणाले, लेक येणार आहे, तिच्यासमोर चुकायला नको."

 लेकीला एकदम रडू येईलसं वाटलं.

बाबा तोंड पुसत आले.

"बोल, उद्या कुठे जायचं?"

"आईच्या आवडत्या बाजारात? तो कुठे लांब हलवलाय म्हणे."

रुमाल हातातच थांबला.

"उद्या नको. उद्या मला जरा काम आहे. परवा नेतो."

परवा रात्री तिचं विमान होतं. उद्याचा अख्खा दिवस तिने बाबांची समजूत घालायला राखून ठेवला होता.

"चालेल," ती म्हणाली. "तुम्ही तुमचं काम सावकाश करा."