मधल्या काळातले पैसे

‘‘म्हणजे शेवटी शेअरबाजारच ना?’’ कॉलरताईनं इस्त्री उभी करून ठेवली. ‘‘मग नको.’’

हिशेबनीस काका बनियनवर स्टुलावर बसून आपल्या शर्टाची वाट बघत होते. हॉटेल बंद झालं होतं. वरच्या खोल्या रिकाम्या, जेवणघरात खुर्च्या एकावर एक रचलेल्या. तळघरातल्या आमच्या धुलाईखान्यात तेवढी वाफ शिल्लक होती, कारण सगळ्या चादरी आणि टॉवेल धुऊन, गठ्ठे बांधून विक्रीला द्यायचे होते. काका वर शेवटचे हिशेब मिटवत आणि घरी जाताना खाली डोकावत.

‘‘बाजारात मिळतं, पण शेअर नव्हे,’’ ते म्हणाले. ‘‘औषधाच्या दुकानात साबणही मिळतो. म्हणून साबणाला कुणी औषध म्हणत नाही.’’

कॉलरताईला हे बोलणं पटल्यासारखं दिसलं, पण तिनं तसं दाखवलं नाही. तिनं शर्टाची कॉलर पाण्याच्या हातानं ओलसर केली आणि टोकांकडून मध्याकडे दाबत आणली. तिचं हे नाव त्यावरूनच पडलं होतं. तिनं इस्त्री केलेली कॉलर दिवसभर मान टाकत नसे.

प्रश्न आमच्या पैशांचा होता. आम्ही तिथं सहा जणी होतो: कॉलरताई, तिच्यासमोर उभी राहून चादरींची टोकं धरणारी मी, रफूवाली, दोघी बहिणी आणि लांबी. हॉटेल बंद होताना सगळ्यांना थकलेले पगार आणि निवृत्तीची रक्कम एकदम मिळाली. ती वाटून घेऊन आपापल्या वाटेला लागावं, असं पाच जणींच्या मनात होतं. कॉलरताई एकटीच यंत्रांकडे बघत राहिली. कपडे धुण्याची तीन मोठी यंत्रं आणि चादरींचा रोलर. मालकाची भावंडं भांडत होती; त्यांचं मिटलं की सगळं विकलं जाणार होतं. ‘‘आपणच घेऊ,’’ ती म्हणाली. ‘‘दवाखान्यांना चादरी लागतात. हॉटेल बुडालं म्हणून माणसं आजारी पडायची थांबलीत का?’’

तेवढं बोलून तिनं आमच्या आयुष्याला वळण लावलं. पण विक्री पुढच्या आठवड्यात होईल की पुढच्या वर्षी, ते कुणालाच माहीत नव्हतं. पैसे बँकेत मुदतीनं ठेवावेत तर मोडताना व्याज जाणार. बचत खात्यात ठेवावेत तर व्याज नावालाच.

‘‘तुमचे पैसे मधल्या काळातले आहेत,’’ काका म्हणाले. ‘‘त्यांना वाढवायचं नाही, सांभाळायचंय. हा जो लिक्विड ईटीएफ, म्हणजे बाजारात विकत मिळणारा फंड, मी म्हणतोय, तो गोळा झालेले पैसे एकेका रात्रीपुरते उसने देतो, तेही सरकारी रोखे तारण घेऊन. त्यामुळे भाव उड्या मारत नाही. रोज कणभर वाढतो. बाजार चालू असताना विकला की पुढच्या कामाच्या दिवशी पैसे खात्यात.’’

‘‘आणि बुडला तर?’’

‘‘बँकेसारखी हमी नाही, हे मी आधीच सांगतो. पण इतक्या सरळ जागी ठेवलेले पैसे बुडणं अवघड. दलालाचा खर्च मात्र बघून घ्या. उगाच घे-वीक केलीत तर व्याज त्यातच जाईल.’’

कॉलरताईनं शर्ट त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, ‘‘तुमचे स्वतःचे आहेत त्यात?’’

‘‘मुलीच्या फीचे आहेत. दोन महिन्यांनी भरायचीय.’’

‘‘मग ठीक,’’ ती म्हणाली.

खातं तिच्या नावावर उघडलं. हे आम्ही ठरवलं, तिनं नाही. ती दोघींच्या नावावर उघडा म्हणत होती, पण एकीची बोटं सदा ओली, त्यांना फोनचा पडदा दाद देत नाही, दुसरीचा नवरा फोन बघतो, मला आकडे बघितले की धडकी भरते. शेवटी काकांनी तिच्या शेजारी बसून तिच्याच फोनवर सगळं करून दिलं. खरेदीचं बटण दाबताना तिचं बोट जरा वर थांबलं. मग तिनं पदराला हात पुसले, कोरडे असूनही, आणि दाबलं.

त्यानंतर आम्ही जिथं मिळेल तिथं कामाला लागलो. कॉलरताई एका छोट्या लाँड्रीत तासावर जाऊ लागली, तिच्याबरोबर मीही. संध्याकाळी ती आणि मी बरोबरच चालत घरी यायचो. अशाच एका संध्याकाळी मी तिच्या खोलीत चहा पीत बसले असताना तिचा मुलगा आला. तो वायरमन. हुशार हात, पण दुकान नव्हतं. पिशवी खांद्याला लावून दारोदार फिरायचा. तो दारातच टेकून बोलू लागला. मला उठून जायचं होतं, पण दार त्याच्या पाठीमागे.

‘‘आई, चौकातला गाळा रिकामा होतोय. त्याचा म्हातारा मालक मलाच देतो म्हणतोय. आगाऊ रक्कम या आठवड्यात द्यायची.’’

‘‘चांगलंय की.’’

‘‘माझ्याकडे अर्धी आहे.’’

तिनं चहाचा घोट घेतला.

‘‘महिन्याभराचा प्रश्न आहे. दोन मोठ्या इमारतींची बिलं यायचीत. आली की लगेच परत टाकतो. तसेही ते पैसे तिथं नुसते पडलेत.’’

‘‘पडले नाहीत. थांबलेत.’’

‘‘बरं, थांबलेत. मी सगळे मागत नाही, तुझा वाटा तर तुझा आहे ना?’’

कॉलरताईनं कप खाली ठेवला. तिचा चेहरा असा झाला होता की मी खिडकीबाहेर बघू लागले.

‘‘माझा वाटा काढला तर रक्कम पुरी पडत नाही. आणि उद्या विक्रीचा फोन आला तर या पाच जणींना मी काय सांगू? माझ्या पोराची बिलं यायचीत, थांबा?’’

‘‘उद्याच कशाला येतोय फोन?’’

‘‘नाही येणार कदाचित.’’

‘‘मग?’’

‘‘मग काही नाही. बाळा, मला ते जमणार नाही.’’

त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. तो नुसता म्हणाला, ‘‘बाबा गेल्यावर पहिल्यांदा काही मागितलं तुझ्याकडे,’’ आणि पिशवी खांद्याला लावून गेला.

फोन त्या आठवड्यात आला नाही. त्या महिन्यातही नाही. गाळा दुसऱ्यानं घेतला. मुलाची बिलं, त्यानं सांगितलं होतं त्याप्रमाणे, महिन्याभरात खरंच आली. म्हणजे तिनं पैसे दिले असते तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मुलगा सून-नातीला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. कारण कामाचं सांगितलं. नात तिच्याकडे शनिवारी यायची, ती यायची बंद झाली.

मी एकदा वाटेत म्हटलं, ‘‘ताई, दिले असतेस तर आम्ही काही म्हटलं नसतं.’’

‘‘म्हणूनच नाही दिले,’’ ती म्हणाली. ‘‘म्हटलं असतं तर भांडून दिले असते.’’

त्याच सुमारास शेअरबाजार भलताच चढू लागला. लाँड्रीत, बसथांब्यावर, न्हाव्याच्या दुकानात, जो तो किती कमावले ते सांगत होता. एका रविवारी रफूवालीच्या स्वयंपाकघरात आम्ही सगळ्या जमलो, तेव्हा लांबीनं विषय काढलाच. अंगानं दारापेक्षा जरा कमी उंच असलेली ही बाई आमच्यात सगळ्यात मोकळी होती, पोटात काही ठेवायची नाही.

‘‘माझ्या नवऱ्यानं घातलेले दीडपट झाले. आणि आपले? गोगलगाय तरी बरी.’’

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्याही मनात तेच होतं.

‘‘चढलंय ते उतरेलच असं मी म्हणत नाही,’’ कॉलरताई म्हणाली. ‘‘मला नाही कळत त्यातलं. पण विक्रीचा फोन नेमका उतरलेल्या दिवशी आला, तर आपण काय तीन यंत्रांऐवजी बादल्या घ्यायच्या?’’

रफूवाली हसली. लांबी हसली नाही.

‘‘मला माझे हवेत, ताई. रागावू नकोस.’’

‘‘रागवायचं काय त्यात? तुझेच आहेत. उद्या सकाळी बाजार उघडला की विकते, परवा तुझ्या हातात.’’

आणि तसंच झालं. तिसऱ्या दिवशी लांबीला तिचे सगळे पैसे मिळाले, वर इतक्या दिवसांचं जे काही व्याज होतं तेही, खर्च वजा करून. कॉलरताईनं त्यातलं नाणंसुद्धा मागे ठेवलं नाही. जाताना लांबीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, ‘‘तुझं भलं होऊ दे.’’ ते तिनं मनापासून म्हटलं होतं. आणि लांबीचं भलं झालंही. बाजार पुढेही चढतच राहिला. आज तिच्या नवऱ्याची स्वतःची गाडी आहे. आमच्यातलं कुणी त्याबद्दल खोटं बोलत नाही.

आता आम्ही पाच जणी उरलो आणि तीन यंत्रांचे पैसे उरले नाहीत. ‘‘दोन घेऊ आणि रोलर,’’ कॉलरताई म्हणाली. ‘‘तिसऱ्याला बाहेर गिऱ्हाईक मिळू दे.’’

फोन आला तो शुक्रवारी, आणि तोही हिशेबनीस काकांचा. भावंडांचं मिटलं होतं. वकिलाच्या कचेरीत सोमवारी संध्याकाळपर्यंत हव्या त्या यंत्रांची पूर्ण रक्कम भरेल त्याला ती मिळणार होती, नाहीतर एक भंगारवाला सगळंच उचलायला तयार होता. कॉलरताई लाँड्रीच्या मागच्या दारात गेली आणि तिथंच उभं राहून तिनं सगळं विकलं. मग ती मला म्हणाली, ‘‘विकलं.’’ आणि मग तिचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलं.

सोमवारी बाजार आणि बँका बंद होत्या.

मी बोटांवर दिवस मोजले. पुढचा कामाचा दिवस मंगळवार. आमचे पैसे होते आणि नव्हते.

तिनं मात्र एप्रन काढला, तोंड धुतलं, केस नीट केले आणि मालकिणीला सांगून निघाली. मी तिच्यामागे. वकिलाची कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. तो तरुण होता, घाईत होता, पण त्यानं खुर्ची दिली.

‘‘पैसे आहेत का नाहीत, बाई?’’

‘‘आहेत. मंगळवारी येतील.’’

‘‘म्हणजे आज नाहीत.’’

‘‘साहेब, आज सकाळपर्यंत ते कुठंही नेता आले असते. नेले नाहीत. सात महिने एका जागी ठेवलेत, फक्त या यंत्रांसाठी. सोमवारी सुट्टी आहे, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. ती चूक माझी. एक सकाळ द्या.’’

ती विनवणी करत नव्हती. कपड्यावरचा डाग निघणार की नाही हे गिऱ्हाइकाला सांगावं, तशी सांगत होती. वकिलानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. वाफेनं भाजल्याच्या जुन्या खुणा मनगटापर्यंत होत्या.

‘‘त्या यंत्रांवर तुम्हीच काम करायच्या?’’

‘‘आम्हीच. मधलं यंत्र पाणी सोडताना अडतं. भंगारवाल्याला सांगितलंत तर किंमत कमी करेल. मी करत नाही.’’

त्याला हसू आलं. ‘‘मंगळवारी सकाळी. दुपार नको.’’

शनिवार, रविवार, सोमवार. तिनं ते दिवस कसे काढले ते मी पाहिलं. ती कामावर आली, शर्ट केले, कुणावर ओरडली नाही. फक्त जेवायच्या सुट्टीत डबा उघडून तशीच बसायची आणि झाकण लावून टाकायची. मंगळवारी सकाळी तिनं फोन माझ्या हातात दिला. ‘‘तू बघ. माझ्यानं होत नाही.’’

मला आकडे बघितले की धडकी भरते, हे ती विसरली होती. मी बघितलं. आले होते.

दोन यंत्रं आणि रोलर आम्ही एका बंद पडलेल्या गॅरेजात आणले. हॉटेलात मधे असायचं त्या यंत्राला दारातून आत घेताना पाच जणींचं आणि चार हमालांचं बळ लागलं. सगळं जागेवर बसलं, पण जोडणी करायला वायरमन हवा होता. इतक्या मोठ्या यंत्राला साधा माणूस हात लावेना. मी कुणालाही न विचारता तिच्या मुलाला फोन केला. तो येईल असं मला वाटलं नव्हतं.

तो आला. आईला त्यानं ‘‘कशी आहेस?’’ विचारलं, तिनं ‘‘बरी’’ म्हटलं, आणि तो थेट भिंतीकडे वळला. दिवसभर तो खाली वाकून, वर चढून काम करत होता. जुनी तार काढली, नवी ओढली, प्रत्येक यंत्राला वेगळा स्विच दिला. ती त्याला लागेल ते हातात देत होती, पक्कड, पेचकस, चिकटपट्टी, मागायच्या आत. तो लहान असताना बापाच्या हाताशी ती अशीच उभी राहत असणार, असं मला उगाच वाटलं. दोघं फारसं बोलली नाहीत. मधल्या यंत्राचं अडणंही त्यानं बघितलं आणि आतली नळी साफ करून दिली.

काम संपल्यावर त्यानं हात पुसले. ती पाकीट घेऊन पुढे आली.

‘‘मजुरी किती?’’

त्यानं पक्कड पिशवीत टाकली. आम्हा सगळ्यांनाच वाटलं, आता तो नको म्हणणार. पण त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि आकडा सांगितला, बाहेरच्या कुणालाही सांगितला असता तोच. ना कमी, ना जास्त. तिनं घासाघीस केली नाही. नोटा मोजून दिल्या, त्यानं मोजून घेतल्या.

‘‘मालाचं बिल उद्या पाठवतो.’’

‘‘पाठव.’’

‘‘येतो, आई.’’

‘‘ये.’’

तो गेला. त्याच्या स्कूटरचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. रफूवालीनं पहिल्या दवाखान्याच्या चादरी यंत्रात टाकल्या, दार लावलं, आणि कॉलरताईनं बटण दाबलं. काचेच्या गोल दारामागे पाणी चढत गेलं, पांढरं कापड ओलं होऊन जड झालं आणि हळूहळू फिरू लागलं. आम्ही चौघी टाळ्या वाजवणार होतो. पण ती काचेवर तळहात टेकवून, आतल्या फिरण्याची थरथर हाताला लागत असताना तशीच उभी होती, म्हणून आम्ही कुणी काही आवाज केला नाही.