बंद माग

गोदूने हातातल्या बांगड्या एकेक करून काढल्या आणि पिठाच्या डब्यात खोल दडपल्या. सवाष्णीने हात बोडके ठेवू नयेत, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण मागल्या खेपेला फुटलेली काच मनगटात रुतली होती आणि आठ दिवस हात ठणकत होता. खिडकी नसलेल्या त्या खोलीत दिवसाही विजेचा दिवा लावावा लागे. तिने डबा फळीवर ठेवला आणि दाराकडे बघत बसली. चार वाजायला आले होते. तिचा नवरा नवशा चहाला येणार होता.

नवशा कारखान्यात जॉबर. भिवंडीतल्या त्या आळीत चोवीस मागांचा तो कारखाना, आणि त्याच्याच भिंतीला लागून मालकाने दिलेली ही खोली. माग बंद पडला की कामगारांनी नवशाला हाक मारायची आणि त्याने पाना घेऊन धावत जायचं, अशी तिथली रीत. माणूस चारचौघांत मोठा गोड. आजाऱ्याची पाळी सांभाळेल, गोदूच्या माहेराहून, दिघाशीहून मेहुणा आला तर त्याला गाडीत बसवून देईल. गोदूने भावाजवळ एकदा तोंड उघडलं, तर तो हसला. इतकी माणसं शेजारी, मग कुणाच्या कानावर कसं आलं नाही, असं त्यानेच तिला उलटं विचारलं.

कानावर यावं कसं? चोवीस माग चालू असले की शेजारच्याच्या कानाशी ओरडावं लागे. नवशाला हे पक्कं ठाऊक होतं. मागांना सुट्टी असली की तो घरात देव्हाऱ्यातला देव. हात उठायचा तो माग धडधडत असतानाच. शहात्तर साली लग्नाला सहा वर्षं झाली, तोवर गोदूने ओरडणंही सोडून दिलं होतं.

आज सकाळी मात्र नळावर तिने ठमाबाईला पाठीवरचे वळ दाखवले. ठमाबाई कारखान्यात मागासाठी कांड्यांवर सूत भरायची. विधवा बाई, तोंडाने फटकळ. पण तिने फक्त गोदूचा पदर सारखा केला, नवशा चहाला किती वाजता येतो तेवढं विचारलं आणि हंडा उचलून चालती झाली. गोदूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात कारखान्याच्या दारातून नवशा दोघींकडे बघत होता.

तो आला. आत येऊन त्याने कडी लावली. चहाचं नाव काढलं नाही, खुंटीवरचा पट्टा काढला. गोदू कोपऱ्यात सरकली.

"ठमीला काय सांगत व्हतीस?"

पलीकडच्या मागांनी भिंत थरथरत होती, फळीवरची भांडी किणकिणत होती. पहिला फटका खांद्यावर बसला. गोदूने पदराचा बोळा तोंडात धरला.

"माझी अब्रू काढतेस? हितंच मारून टाकीन, कुनाला कळायचं न्हाय!"

भांडी किणकिणायची थांबली होती. नवशाच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. मागांवर ओरडायची सवय झालेला त्याचा आवाज भिंतीपलीकडे, पार आळीच्या टोकापर्यंत गेला. त्याने पट्टा खाली घेतला.

"लाईट गेली वाटतं," तो हळूच म्हणाला.

गोदूने वर पाहिलं. दिवा चालू होता. मग नवशानेही वर पाहिलं.

तो हाकेची वाट बघत उभा राहिला. चोवीस माग बंद, आणि त्याला कुणी बोलवत नव्हतं. बंद मागाची मजुरी मिळत नाही, तरी कुणी माग सुरू करत नव्हतं. मग दारापलीकडून ठमाबाईची हाक आली.

"गोदू, कडी काढ. आमी सगळी हाव हितं."

नवशा तिच्या कानाशी वाकला.

"पडलीस म्हनून सांग," तो कुजबुजला.

गोदूने तोंडातला बोळा काढला. आज ओरडायची गरज नव्हती.

"मी पडले न्हाय, मावशी," ती म्हणाली. "ह्यांनी मारलं."

नवशा आडवा आला नाही. भिंतीला धरत धरत गोदू दारापर्यंत गेली आणि बोडक्या हाताने तिने कडी काढली.